उत्पादक गटांसाठी अल्प खर्चात सुबक लेबल व माहितीपत्रक

कोल्हापूरचा गूळ, सांगलीची हळद आणि कोकणातील हापूस यांची कीर्ती जुनी आहे. कोल्हापुरी गुळास २०१४ साली, तर सांगलीची हळद व हापूस आंबा यांस २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तथापि जो उत्पादक आपला माल थेट ग्राहकास विकू पाहतो, त्याच्यापुढे निराळीच अडचण उभी राहते. ग्राहक मालाची चव घेण्यापूर्वी त्याचे वेष्टन पाहतो. नाव पुसट असेल, वजन व दिनांक सापडत नसेल, तर उत्तम मालही संशयास पात्र ठरतो. लेबल किंवा दरपत्रक प्रत्येक वेळी बाहेरून रचून घेणे लहान बचतगटास परवडत नाही. सुदैवाने ही कामे आता मोबाईल किंवा साध्या संगणकावर, जवळजवळ विनामूल्य करता येतात.

साधनांची निवड

नवशिक्यास 'कॅनव्हा' हे ऑस्ट्रेलियात निर्माण झालेले साधन सोपे पडते. त्यात तयार नमुने असतात. त्यांतील मजकूर व छायाचित्र बदलले की काम होते. मात्र काही चित्रांस शुल्क पडते, म्हणून आरंभापासून विनामूल्य घटकच निवडावेत. तयार चित्रांतून केलेले बोधचिन्ह दुसरा गटही तसेच वापरू शकतो. यास्तव गटाचे कायमचे चिन्ह स्वतंत्रपणे रेखाटावे. त्यासाठी २००३ पासून उपलब्ध असलेले 'इंकस्केप' उपयोगी आहे. त्यातील रेषाचित्र पुडीएवढे छापा वा फलकाएवढे, ते फाटत नाही. छायाचित्रे सुधारण्यास 'गिंप' आणि अनेक पानांच्या पत्रकास 'लिब्रेऑफिस' पुरेसे आहे. ही तिन्ही साधने संपूर्ण विनामूल्य असून एकदा संगणकावर घेतल्यावर इंटरनेटवाचून चालतात. ज्या गावी संपर्क वारंवार तुटतो, तेथे हा लाभ मोठा आहे.

अक्षर आणि छायाचित्र

मजकूर युनिकोडमध्येच टंकावा. जुन्या पद्धतीच्या फॉन्टमधील मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडताच निरर्थक चिन्हांची माळ होऊन बसतो. मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेचे 'मुक्त' व 'बलू' हे देवनागरी फॉन्ट विनामूल्य मिळतात. कोणताही फॉन्ट निवडण्यापूर्वी त्यात 'शेतकऱ्यांचा' हा शब्द लिहून पाहावा. अर्धा 'र' नीट उमटतो की नाही, हे तत्काळ कळते. एका लेबलावर दोनच फॉन्ट पुरेत.

छायाचित्र सकाळच्या सौम्य उजेडात, परंतु थेट उन्हात नव्हे, असे घ्यावे. मालाच्या सावलीच्या बाजूस पांढरा कागद धरल्यास काळोखी कमी होते. छपाईसाठी दर इंचास सुमारे ३०० बिंदू असावेत, म्हणजे ४ इंच रुंदीच्या चित्रास १२०० बिंदू लागतात. व्हॉट्सॲपवर नेहमीच्या रीतीने धाडलेले चित्र आकुंचन पावते व छापताना धूसर दिसते. ते डॉक्युमेंट म्हणून पाठवावे, किंवा पूर्ण लेबलाची पीडीएफ करून छापखान्यास द्यावी. पडद्यावरील रंग कागदावर हुबेहूब उतरत नाहीत. हळदीचा पिवळा विशेषतः फिका वा मळकट होऊ शकतो. म्हणून आधी एक प्रत छापून पाहावी आणि मगच सर्व प्रती काढाव्यात.

कायद्याने आवश्यक मजकूर

सौंदर्यापेक्षा मजकुराची पूर्तता अधिक महत्त्वाची आहे. खाद्यपदार्थाच्या लेबलावर पदार्थाचे नाव, घटक, निव्वळ वजन, उत्पादकाचा पूर्ण पत्ता, उत्पादनाचा व वापराच्या मुदतीचा दिनांक, बॅच क्रमांक, कमाल किरकोळ किंमत आणि अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा १४ अंकी क्रमांक असावा लागतो. शाकाहारी पदार्थावर हिरव्या चौकटीतील हिरवे वर्तुळ हवे. ही माहिती इंग्रजीत किंवा देवनागरी लिपीतील हिंदीत देणे आवश्यक असून मराठी मजकूर तिच्या जोडीस द्यावा. वजनाच्या अंकांची किमान उंचीही नियमांनी ठरवलेली आहे, तेव्हा शोभेच्या वेलबुट्टीसाठी अंक बारीक करू नयेत.

क्यूआर चिन्ह छापावयाचे असल्यास पत्ता थेट चिन्हातच असलेला कायम स्वरूपाचा प्रकार घ्यावा. काही सेवा वर्गणी थांबताच आपले चिन्ह बंद करतात. अशा वेळी छापून ठेवलेल्या सर्व पुड्यांवरील चिन्ह निरुपयोगी होते.

सुबकतेबरोबर सत्यता

सुबक लेबल करणे जितके सोपे झाले, तितकेच खोटे लेबल करणेही सोपे झाले आहे. भौगोलिक मानांकनाचे नाव व चिन्ह १९९९ च्या कायद्यान्वये अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद झालेल्यानेच लावावे. रासायनिक खत वापरलेल्या मालावर 'सेंद्रिय' हा शब्द कदापि छापू नये. एका सभासदाची अशी चूक सर्व गटाचे नाव घालवते आणि गेलेला विश्वास कोणत्याही साधनाने परत आणता येत नाही. प्रत्येक गटाने एक सभासद रचनेसाठी आणि दुसरा मजकूर तपासण्यासाठी नेमावा. साधनांवर वाचलेला पैसा मालाच्या प्रतीवर खर्च केला, तर लेबलावरील शब्द पुडीतील मालही खरा करून दाखवील.