एम्बेडेड यंत्रणांतील रूट फाइल-सिस्टिम : स्थिर आणि चल अंशांचा विवेक

विजेचा मापक, घरातील राउटर, कारखान्यातील नियंत्रक यांच्या आत जो संगणक बसविलेला असतो, त्याची अवस्था प्रयोगशाळेतील संगणकाहून मूलतःच भिन्न असते. त्याला बहुधा पडदा नसतो, कळफलक नसतो; त्याच्याजवळ जाणकार मनुष्य क्वचितच असतो; आणि त्याचा वीजपुरवठा कोणत्या क्षणी खंडित होईल हे सांगता येत नाही. अशा संगणकावर एकेक प्रोग्राम मागाहून चढवीत बसणे व्यवहार्य नसते. यास्तव त्याची संपूर्ण फाइल-व्यवस्था दुसऱ्या संगणकावर आधी सिद्ध करून, तिची एकसंध इमेज उपकरणाच्या फ्लॅश मेमरीत उतरविण्यात येते. ही इमेज घडविताना तिचा आकार लहान ठेवणे हाच मुख्य प्रश्न होय, असा समज सहज होण्यासारखा आहे. परंतु आकाराहून अधिक महत्त्वाचा प्रश्न निराळाच आहे : उपकरणावर काय कधीच बदलावयाचे नाही आणि काय बदलत राहणार, हे आधी ठरविण्याचा.

रूट फाइल-सिस्टिमचे कार्य

लिनक्सवर चालणाऱ्या उपकरणात वीज येताच प्रथम बूटलोडर सुरू होतो व तो कर्नलला मेमरीत आणतो. कर्नल आपली प्राथमिक सिद्धता झाल्यावर रूट फाइल-सिस्टिम माउंट करतो आणि तीतील ‘इनिट’ हा पहिला प्रोग्राम चालू करतो. रूट फाइल-सिस्टिम माउंट झाली नाही किंवा इनिट अथवा त्याऐवजी चालविता येण्याजोगा शेल सापडला नाही, तर कर्नल ‘पॅनिक’ अवस्थेत जाऊन थांबतो. म्हणजे उपकरणाचे जिवंत होणे या एका व्यवस्थेवर अवलंबून असते.

तीत किमान काय असावे? इनिट, शेल, नित्याची साधने, सी-लायब्ररी आणि कर्नलच्या आभासी फाइल-व्यवस्था माउंट करण्यासाठी रिकाम्या डिरेक्टऱ्या, एवढ्यावर काम भागते. साधनांचा प्रश्न ‘बिझीबॉक्स’ने फार सुबकपणे सोडविला आहे. ब्रूस पेरेन्स यांनी १९९५ मध्ये डेबियनची प्रतिष्ठापना व दुरुस्ती एकाच फ्लॉपीवरून करता यावी या हेतूने तो लिहावयास घेतला. त्यात अनेक आज्ञा एकाच प्रोग्रामात सामावलेल्या असतात. ज्या नावाने त्यास हाक मारावी त्या आज्ञेचे काम तो करतो.

सी-लायब्ररीच्या बाबतीत मात्र एक फसवी अडचण उद्भवते. प्रोग्राम इमेजमध्ये स्पष्ट दिसत असूनही, तो चालवू जाता ‘अशी फाइल नाही’ असे उत्तर मिळते. येथे न सापडलेली फाइल तो प्रोग्राम नसून, त्याला लायब्ररीशी जोडून देणारा डायनॅमिक लोडर असतो. एका लायब्ररीसाठी बांधलेला प्रोग्राम दुसऱ्या लायब्ररीच्या इमेजमध्ये घातला की हा प्रकार हमखास घडतो. सर्व घटक एकाच टूलचेनने बांधावेत, या नियमाचे मर्म यात आहे.

इमेजची बांधणी

हा नियम हाताने पाळणे कष्टाचे असल्यामुळे त्यासाठी २००१ च्या सुमारास ‘बिल्डरूट’ आणि २०१० मध्ये ‘योक्टो’ हे प्रकल्प उभे राहिले. बिल्डरूटमध्ये निवडीची सारी नोंद एका कॉन्फिगरेशन फाइलमध्ये राहते व तीवरून टूलचेनपासून इमेजपर्यंत सर्व काही घडते. बांधणी चालू असता सर्व फाइली ‘टार्गेट’ नावाच्या डिरेक्टरीत गोळा होतात. ही डिरेक्टरी जशीच्या तशी उपकरणावर न्यावी असा मोह होतो. म्हणूनच की काय, ‘ही तुमची रूट फाइल-सिस्टिम नव्हे’ अशा अर्थाचे नाव धारण करणारी एक फाइल बिल्डरूट तीत ठेवून देते. कारण बांधणी सामान्य वापरकर्त्याच्या अधिकाराने होत असल्याने त्या फाइलींची मालकी यथार्थ नसते. ती शेवटच्या टप्प्यावर, ‘फेकरूट’च्या साहाय्याने, इमेजमध्येच नोंदविली जाते.

स्थिर आणि चल

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. फ्लॅश मेमरीत लिहिलेला मजकूर जागच्या जागी बदलता येत नाही. आधी एक संपूर्ण खंड पुसावा लागतो. नॅंड फ्लॅशमध्ये असा खंड बहुधा १२८ किलोबाइट किंवा त्याहून मोठा असतो, आणि पुसण्याच्या आवर्तनांना मर्यादा असते. लेखन चालू असता वीज गेली, तर फाइल-व्यवस्था अर्धवट अवस्थेत राहण्याचा संभव असतो. जे लिहिले जातच नाही त्यास हे भय जवळजवळ नाही. २००९ मध्ये लिनक्स २.६.२९ मध्ये समाविष्ट झालेली ‘स्क्वॉशएफएस’ ही केवळ वाचण्याजोगी, संकुचित फाइल-व्यवस्था स्थिर अंशासाठी योग्य ठरते ती यामुळेच. चल अंशासाठी नॅंडवर ‘यूबीआयएफएस’, ईएमएमसीवर ‘ईएक्सटी४’ आणि क्षणिक फाइलींसाठी मेमरीतील ‘टीएमपीएफएस’ अशी वाटणी करता येते.

२०१४ मध्ये लिनक्स ३.१८ बरोबर आलेल्या ‘ओव्हरलेएफएस’ने स्थिर थरावर चल थर पसरण्याची सोय केली. ‘ओपनडब्ल्यूआरटी’ या राउटर-प्रणालीत ही रचना प्रचलित आहे. चल थर पुसला की उपकरण मूळ स्थितीस येते, हा तिचा मोठा गुण होय. पण तिच्यात एक दोषही दडलेला आहे. खालच्या थरातील एखादी फाइल एकदा बदलली की तिची प्रत वरच्या थरात जाते; पुढे नव्या इमेजमध्ये तीच फाइल सुधारून आली तरी जुनी प्रत तिला झाकूनच ठेवते. सर्वच रूटवर आच्छादन घातल्याने विवेकाचा प्रश्न सुटत नाही. तो फक्त लांबणीवर पडतो. आच्छादन मोजक्या डिरेक्टऱ्यांपुरते ठेवणे म्हणूनच श्रेयस्कर.

याच विवेकाचा दुसरा पैलू ओळखीचा आहे. एसएसएचची होस्ट-की किंवा ठरावीक पासवर्ड इमेजमध्येच राहून गेला, तर त्या इमेजवरील प्रत्येक उपकरणाचे गुपित एकच होते आणि एक उघडले की सर्व उघडतात. उपकरणागणिक भिन्न असणारी वस्तू स्थिर अंशात असता कामा नये. ती प्रथम सुरुवातीच्या वेळी चल विभागात निर्माण व्हावयास हवी.

मंगळावरील एक उदाहरण

चल अंशावर प्रारंभ अवलंबून राहिल्यास काय घडते, याचे बोलके उदाहरण नासाच्या ‘स्पिरिट’ या मंगळवाहनाने दिले. त्यावर लिनक्स नसून ‘व्हीएक्सवर्क्स’ ही प्रणाली होती. तथापि तत्त्व तेच. जानेवारी २००४ च्या आरंभी मंगळावर उतरलेल्या या वाहनाचा संपर्क २१ जानेवारीस बिघडला. फ्लॅशमध्ये फाइलींची संख्या वाढत गेली होती आणि त्यांच्या डिरेक्टरीची रचना मेमरीत धरण्यास जागा अपुरी पडली. वाहन स्वतःस पुन्हा सुरू करी; सुरू होताना तीच फ्लॅश माउंट करू पाही; आणि पुन्हा कोलमडे. अखेर फ्लॅश न वापरता सुरू होण्याची आज्ञा पृथ्वीवरून देण्यात आली, तेव्हा ते ताळ्यावर आले. पुढे फ्लॅश पुसून नव्याने सिद्ध करण्यात आली, आणि मार्च २०१० पर्यंत त्याचे संदेश येत राहिले. वाहन वाचले ते चल संचयाला वगळून सुरू होण्याची वाट आधीच राखून ठेवली होती म्हणून.

निष्कर्ष

तात्पर्य, इमेजमधील प्रत्येक फाइलीविषयी तीन प्रश्न विचारावयास हवेत : ती उपकरणावर बदलणार आहे काय? ती सर्व उपकरणांत सारखीच असणार काय? आणि ती नष्ट झाली तरी उपकरण सुरू होईल काय? न बदलणारी व सर्वत्र सारखी असलेली फाइलच स्थिर अंशात शोभते. बदलणारी फाइल चल विभागात जावी, मात्र तो विभाग रिकामा किंवा भ्रष्ट आढळल्यास तो नव्याने घडवून पुढे जाण्याची तरतूद प्रारंभीच्या स्क्रिप्टमध्ये असावी. स्थिर अंश असा निखळ राहिला, तर त्याची संपूर्ण तपासणी हॅशने करता येते आणि दोन विभागांत आलटून पालटून नवी इमेज उतरविणेही निर्धोक होते. इमेज काही मेगाबाइटने मोठी झाली तर थोडी मेमरी अधिक लागेल. हा विवेक चुकला तर दूरवर भिंतीत बसविलेले उपकरण पुन्हा सुरूच होणार नाही.