चीनमधली कोट्यवधी मुलं एकाच ‘ली हुआ’च्या नावाने इंग्रजी पत्रं का लिहितात?

चीनमध्ये शाळा शिकलेल्या कुणालाही ‘ली हुआ’बद्दल विचारा. आधी हसू येईल, मग प्रत्येकाकडे एखादा किस्सा निघेल. ली हुआ हे इंग्रजीच्या प्रश्नपत्रिकेतलं एक काल्पनिक पात्र आहे.

प्रश्न साधारण असा असतो : समजा, तुम्ही ली हुआ आहात. तुमचा परदेशी मित्र पीटर याला चिनी नववर्षाबद्दल माहिती हवी आहे. त्याला इंग्रजीत ईमेल लिहा.

१९९० च्या दशकापासून चीनच्या परीक्षांमध्ये हे नाव येतंय. विद्यार्थ्याने पत्राखाली स्वतःचं नाव लिहिलं तर पेपर कुणाचा आहे हे तपासणाऱ्याला कळेल. म्हणून सगळ्यांनी एकाच नावाने लिहायचं. त्यामुळे ली हुआने आजवर पीटरला चहाबद्दल लिहिलंय, सणांबद्दल लिहिलंय, सहलीचं आमंत्रण दिलंय, आजारी मित्राची विचारपूसही केली आहे.

चिनी सोशल मीडियावर यावरून एक जुना विनोद चालतो. ली हुआने इतकी पत्रं पाठवली, पण परदेशातून एकाही पत्राचं उत्तर कसं आलं नाही?

विनोद म्हणून ठीक आहे. पण चीनमधली मुलं इंग्रजी वाचायला आणि लिहायला कशी शिकतात आणि त्यांचं घोडं नेमकं कुठे अडतं, हे समजून घ्यायचं असेल तर सुरुवात याच विनोदापासून करावी लागते.

इंग्रजीवर एवढं काय अवलंबून आहे?

चीनमध्ये नऊ वर्षांचं शिक्षण सक्तीचं आहे. त्यातली शेवटची तीन वर्षं, म्हणजे सातवी ते नववी, माध्यमिक शाळेची. मुलं साधारण १२ ते १५ वर्षांची असतात. या टप्प्यावर देशभरात ५ कोटींहून जास्त मुलं शिकतात.

इंग्रजीची ओळख त्याआधीच झालेली असते. सरकारी नियमाप्रमाणे बहुतेक ठिकाणी तिसरीपासून, तर शांघायसारख्या शहरांत पहिलीपासून.

नववीच्या शेवटी ‘झोंगकाओ’ नावाची परीक्षा होते. आपल्याकडच्या दहावीसारखीच, पण घरातलं टेन्शन जरा जास्त. कारण चांगल्या उच्च माध्यमिक शाळेत जागा मिळणार की व्यावसायिक शाळेकडे वळावं लागणार, हे या गुणांवर ठरतं. मुलांचा मोठा हिस्सा इथेच व्यावसायिक शिक्षणाकडे वळतो. विद्यापीठाचा नेहमीचा रस्ता मात्र उच्च माध्यमिक शाळेतून जातो.

झोंगकाओची गुणपद्धत शहरागणिक बदलते. शांघायमध्ये इंग्रजीला १५० गुण आहेत. बीजिंगमध्ये १००, त्यातले ६० लेखी परीक्षेला आणि ४० ऐकणं-बोलण्याला. हा ऐकण्या-बोलण्याचा भाग कॉम्प्युटरसमोर बसून द्यायचा असतो. पुढे विद्यापीठ प्रवेशाच्या ‘गाओकाओ’ परीक्षेतही ७५० पैकी १५० गुण परकीय भाषेला असतात आणि बहुतेक मुलं इंग्रजीच घेतात.

वाचायचं किती आणि कसं?

२०२२ मध्ये चीनच्या शिक्षण मंत्रालयाने सक्तीच्या शिक्षणासाठी इंग्रजीचा नवा अभ्यासक्रम आणला. नववी संपेपर्यंत मुलाला साधारण १,६०० इंग्रजी शब्द यावेत, अशी त्यात अपेक्षा आहे. पाठ्यपुस्तकाबाहेरचं वाचन दीड लाख शब्दांच्या घरात जावं, असंही उद्दिष्ट आहे. म्हणजे एखाद्या जाडजूड कादंबरीएवढं.

सराव सकाळीच सुरू होतो. पहिल्या तासाआधी ‘झाओदू’ म्हणजे सकाळचं वाचन असतं. अख्खा वर्ग मोठ्याने धडे वाचतो. मग शब्दांची श्रुतलेखनं. काही धडे तोंडपाठ करून शिक्षकांसमोर म्हणून दाखवायचे. चुकलेले प्रश्न एका वेगळ्या वहीत उतरवायचे. या चुकांच्या वहीला तिथे फार मान आहे. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात पाठ्यपुस्तक मिटतं आणि ही वही उघडते.

अवांतर वाचनासाठी सोप्या इंग्रजीतल्या गोष्टींची ‘बुकवर्म’ मालिका घरोघरी दिसते. ब्रिटिश लेखक लुईस अलेक्झांडर यांची ‘न्यू कन्सेप्ट इंग्लिश’ ही १९६० च्या दशकातली पुस्तकं चीनमध्ये आजही घोकली जातात. ‘चायना डेली’ समूह शाळकरी मुलांसाठी इंग्रजी साप्ताहिक काढतो. अनेक शाळांत त्यातले उतारे वाचून घेतले जातात.

परीक्षेत वाचनाचे दोन मुख्य प्रकार असतात. एक म्हणजे उतारा आणि त्यावरचे प्रश्न. शिक्षक सांगतात, आधी प्रश्न वाचा, महत्त्वाच्या शब्दाखाली रेघ मारा, मग उताऱ्यात शिरा. अनोळखी शब्द आला तर थांबू नका, पुढच्या-मागच्या वाक्यांवरून अंदाज बांधा.

दुसरा प्रकार जास्त अवघड. त्यात एक गोष्ट दिलेली असते आणि तिच्यातले आठ-दहा ते पंधरा शब्द गाळलेले असतात. प्रत्येक गाळलेल्या जागेसाठी चार पर्याय. ‘बसमधून उतरताच तिने घाईघाईने ___ उघडली’ असं वाक्य असेल, तर छत्री, पर्स, वही आणि बाटली हे चारही शब्द व्याकरणात चपखल बसतात. बरोबर उत्तर कळायला बाहेर पाऊस पडतोय हे तीन ओळी आधी लक्षात आलेलं असावं लागतं. म्हणजे ही परीक्षा व्याकरणापेक्षा गोष्ट समजण्याची जास्त.

भाषाच वेगळी, मग अडचणी कोणत्या?

चिनी मुलांना रोमन अक्षरं नवी नसतात. पहिलीतच ती चिनी उच्चार शिकण्यासाठी ‘पिनयिन’मधून भेटतात. पण पिनयिनमध्ये ‘क्यू’ या अक्षराचा उच्चार ‘छ’च्या जवळचा आणि ‘एक्स’चा ‘श’च्या जवळचा. इंग्रजीत आल्यावर तीच अक्षरं वेगळी वाजतात.

चिनी लिपीत दोन शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत. काळानुसार क्रियापदाचं रूप बदलत नाही. ‘काल मी जाणे’ आणि ‘उद्या मी जाणे’ म्हटल्यासारखं असतं, काळ कळतो तो ‘काल’ आणि ‘उद्या’वरून. त्यामुळे इंग्रजीत ‘गो’चं ‘वेंट’ करायला मुलं विसरतात. बोलताना ‘तो’ आणि ‘ती’ यांचा उच्चार एकच, ‘ता’. म्हणून चांगली हुशार मुलंही ‘ही’च्या जागी ‘शी’ म्हणून जातात.

एक अडचण मराठी वाचकांना लगेच कळेल. मराठीत आपण ‘मी काल वाचलेलं पुस्तक’ म्हणतो. पुस्तकाबद्दलची माहिती आधी, पुस्तक नंतर. चिनीतही हाच क्रम आहे. इंग्रजीत मात्र आधी ‘बुक’ येतं आणि माहितीचं शेपूट मागून येतं. वाक्य लांबलं की ते शेपूट नेमकं कुणाचं, हे शोधण्यात वेळ जातो. लांब वाक्यांचे तुकडे पाडून वाचण्याचा सराव चिनी वर्गांमध्ये एवढा का होतो, त्याचं हे एक कारण.

आणि शब्दाला शब्द ठेवला की ‘गुड गुड स्टडी, डे डे अप’ तयार होतं. ‘मन लावून शिका, रोज पुढे जा’ या माओंच्या घोषणेचं हे गमतीशीर इंग्रजी. चिनी माणसं आता ते मुद्दाम, मजेत वापरतात.

मग लिहिताना काय होतं?

निबंध किंवा पत्र फार मोठं नसतं. बीजिंगच्या परीक्षेत किमान ५० शब्द मागतात, इतर अनेक ठिकाणी ८० ते १०० च्या आसपास. पण त्यात काय असावं, हे प्रश्नातच मुद्द्यांनी दिलेलं असतं. एक मुद्दा सुटला की गुण गेले.

त्यामुळे लिहिण्याची पद्धतही ठरून गेली आहे. आधी मुद्दे मोजा. काळ कोणता ते ठरवा. तीन परिच्छेद करा. सुरुवातीला पत्र लिहिण्याचं कारण, मध्ये ‘फर्स्टली, सेकंडली, लास्ट बट नॉट लीस्ट’ आणि शेवटी ‘तुझ्या उत्तराची वाट पाहतोय’. मध्येच एखादी पाठ केलेली म्हण टाकली की पेपर उठून दिसतो.

अक्षरावरही मेहनत असते. हबेई प्रांतातल्या हेंगशुई शहरातली एक शाळा परीक्षेच्या कडक तयारीसाठी देशभर प्रसिद्ध आहे. तिथल्या मुलांचं गोलसर, छापल्यासारखं इंग्रजी अक्षर ‘हेंगशुई वळण’ म्हणून ओळखलं जातं आणि ते गिरवण्याच्या वह्या बाजारात मिळतात. शेकडो पेपर तपासणाऱ्याला सुवाच्य अक्षर दिसलं तर फायदाच होतो, असा हिशेब.

या पद्धतीला नुसती नावं ठेवून चालणार नाही. ज्या मुलाच्या घरात कुणालाच इंग्रजी येत नाही, त्याच्यासाठी हा साचा म्हणजे धरायला मिळालेला कठडा असतो. कोऱ्या कागदापुढे तो गांगरत नाही.

अडचण पुढची आहे. वाचनाचा सराव एकट्याने करता येतो. उतारा, प्रश्न आणि मागच्या पानावरची उत्तरं असली की झालं. लिहिलेलं मात्र कुणीतरी वाचावं लागतं. वर्गात ४०-५० मुलं आणि एका शिक्षकाकडे बहुधा असे दोन वर्ग. शिक्षक चुकांवर लाल खुणा करू शकतो, पण ‘हे नीट कळलं नाही, पुढे काय झालं?’ असं प्रत्येकाला विचारायला त्याच्याकडे वेळ कुठून येणार?

शिकवण्या बंद झाल्यावर काय झालं?

ज्यांच्याकडे पैसे होते त्यांनी असा वाचणारा विकत घेतला होता. शनिवार-रविवारच्या शिकवण्या आणि परदेशात बसलेल्या शिक्षकांचे ऑनलाइन तास, हा मोठा धंदा होता.

जुलै २०२१ मध्ये सरकारने ‘श्वांगज्येन’ म्हणजे ‘दुहेरी कपात’ धोरण आणलं. गृहपाठ आणि शिकवण्या, दोन्हींचं ओझं कमी करायचं. माध्यमिक शाळेतल्या मुलांचा लेखी गृहपाठ दिवसाला ९० मिनिटांच्या आत. शालेय विषयांच्या शिकवण्यांमधून नफा कमावण्यावर बंदी, सुट्टीच्या दिवशी शिकवण्याही बंद. परदेशात बसलेल्या शिक्षकांकडून वर्ग घेण्यालाही मनाई.

१९९३ मध्ये सुरू झालेली ‘न्यू ओरिएंटल’ ही इंग्रजी शिकवण्यांमधली सगळ्यात नावाजलेली कंपनी. तिने सुमारे ६० हजार लोकांना कमी केलं. मग कंपनी लाइव्हस्ट्रीमवर शेतमाल विकायला लागली. जून २०२२ मध्ये तिथला एक माजी इंग्रजी शिक्षक, डोंग युहुई, प्रचंड व्हायरल झाला. तो तांदूळ आणि स्टेक विकता विकता फळ्यावर इंग्रजी शब्द लिहून शिकवायचा. लोक तांदूळ घ्यायचे आणि शब्दही.

इंग्रजीचं महत्त्व कमी करावं, अशी मागणीही याच काळात झाली. शांघायने २०२१ मध्ये प्राथमिक शाळेतली इंग्रजीची सत्रअखेरची परीक्षा काढून टाकली. पण झोंगकाओ आणि गाओकाओमध्ये इंग्रजी कायम आहे. त्यामुळे पालकांची चिंताही कायम आहे.

आणि शेवटी पीटरचं उत्तर आलं?

जानेवारी २०२५ मध्ये एक गंमत झाली. अमेरिकेत टिकटॉकवर बंदी येणार म्हणून तिथले असंख्य लोक ‘शाओहोंगशू’ म्हणजेच ‘रेडनोट’ या चिनी ॲपवर आले. चिनी युजर्सनी त्यांचं स्वागत केलं आणि काहींनी सरळ इंग्रजीचा गृहपाठच पुढे केला : जरा हे सोडवून द्या.

त्यातच कुणीतरी ली हुआचा विषय काढला. आम्ही तुम्हाला वर्षानुवर्षं पत्रं लिहिली, तुम्ही उत्तर का दिलं नाही? अमेरिकन लोकांना आधी काही कळेना. कळल्यावर अनेकांनी खरोखर उत्तरं लिहिली : प्रिय ली हुआ, उशीर झाला, माफ कर. शाळा सोडून कित्येक वर्षं झालेली चिनी माणसं ती वाचून भावुक झाली.

यातून उत्साहाची लाट आली आणि ओसरली. परीक्षेतला प्रश्न होता तसाच आहे. पण पाठ केलेली वाक्यं समोरच्या माणसापर्यंत पोहोचतात, हे त्या काही दिवसांत अनेकांनी पहिल्यांदाच पाहिलं.

घरात इंग्रजी न बोलणारं कुठलंही मूल, मग ते हेंगशुईतलं असो की हिंगोलीतलं, यातून दोन गोष्टी घेऊ शकतं. चुकांची वही ठेवायला पैसे लागत नाहीत, ती आजपासून सुरू करता येते. आणि आठवड्यातून एकदा पाच-सहा ओळी अशा माणसाला लिहाव्यात, जो त्या वाचून उलट काहीतरी विचारेल. मामेबहीण चालेल, वर्गातली मैत्रीण चालेल. तिचं इंग्रजी आपल्याइतकंच कच्चं असलं तरी चालेल.