जैसलमेरच्या वाटेवरचे पाणी

"मामा, पुढे पाणी साचलंय!" भाचा ओरडला. जोधपूरहून आम्ही मोटारीने जैसलमेरला निघालो होतो. पोखरण मागे पडले होते, मे महिन्याची दुपार होती. गाडी पुढे जाई, तसे पाणीही पुढे सरके.

हे मृगजळ, हे तुम्ही ओळखलेच असेल. पण ते नेहमी दूरच का?

तापलेल्या डांबरालगतची हवा विरळ होते, तिचा वक्रीभवनांक किंचित घटतो. आकाशाकडून तिरपे येणारे किरण तेथे हळूहळू वर वळून आपल्या डोळ्यांत शिरतात. दिसते ते आकाशच! हवेच्या थरांतील फरक मात्र इतका अल्प, की रस्त्याशी साधारण अर्ध्या अंशाहून लहान कोन करणारे किरणच असे वळतात. डोळे १.२ मीटर उंचीवर असतील, तर 'पाणी' सुमारे दीडशे मीटरांपलीकडे सुरू होणार. आम्ही गाडी थांबवून कडेला उकिडवे बसलो. पाणी खरेच जवळ आले! (रहदारी पाहूनच हा प्रयोग करा.)

१७९८ मध्ये इजिप्तच्या वाळवंटात नेपोलियनचे तहानलेले सैनिक अशाच पाण्याला फसले. मोहिमेत सोबत असलेल्या गास्पार माँज या गणितज्ञाने त्याची कारणमीमांसा केली.

संध्याकाळी जैसलमेरचा गडीसर तलाव दिसला. भाच्याने आधी त्यात हात बुडवून पाहिला.