रक्तदाबावरचा पेपर आणि मेंदूचं शास्त्र

१९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांचा सहा पानांचा पेपर छापून आला. विषय वाढलेल्या रक्तदाबाचा, रुग्ण ५०, औषध सर्पगंधेच्या मुळीचं. वकील हृदयरोगतज्ज्ञ होते आणि लिहिलं होतं हृदयाच्या डॉक्टरांसाठी. पण मेंदूवर काम करणाऱ्या औषधांच्या शास्त्राचा इतिहास या पेपरला वगळून सांगता येत नाही.

कोल्हापुरात, शिवाजी विद्यापीठात काय किंवा फार्मसी कॉलेजांत काय, संशोधन करणाऱ्याला आज ठरलेला प्रश्न येतो: पेपर किती झाले? त्यापाठोपाठ, एच-इंडेक्स किती? हा निर्देशांक भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हर्श यांनी २००५ मध्ये सुचवला. एखाद्याच्या १० पेपरांना प्रत्येकी किमान १० वेळा इतरांनी संदर्भ दिला असेल, आणि ११ पेपरांना ११ वेळा दिला नसेल, तर त्याचा एच-इंडेक्स १०. हिशेब सोपा, म्हणून नेमणूक आणि बढतीच्या कागदांत तो पटकन रुळला. पण ज्याचा एकच पेपर आहे आणि त्याला हजारो संदर्भ मिळालेत, त्याचा एच-इंडेक्स १ च राहतो. शिवाय ते संदर्भ कुणी दिले, कशासाठी दिले, हे आकडा सांगत नाही. माझ्या मते खरी गोष्ट तिथेच असते.

वकिलांच्या पेपरचंच बघा. बॉस्टनचे डॉ. रॉबर्ट विल्किन्स यांनी तो वाचून अमेरिकेत हीच मुळी रुग्णांना देऊन पाहिली. रक्तदाब तर उतरलाच, पण रुग्ण शांतही झाले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी मुळीतून रेसर्पिन हे औषधी द्रव्य वेगळं काढलं. १९५४ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या मनोरुग्णालयातले नेथन क्लाइन यांनी मानसिक रुग्णांवरच्या त्याच्या परिणामांचा पेपर छापला.

मग प्रश्न आला, हे औषध करतं तरी काय? १९५५ मध्ये बर्नार्ड ब्रॉडी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की रेसर्पिनमुळे मेंदूतला सेरोटोनिनचा साठा घटतो. मेंदूच्या पेशी एकमेकींना निरोप देतात ते सेरोटोनिन, डोपामिन यांसारख्या रसायनांमार्फत. ही रसायनं पेशीच्या टोकाशी सूक्ष्म पिशव्यांत साठवलेली असतात. रेसर्पिन पिशव्या भरण्याचं कामच बंद पाडतं. बाहेर राहिलेली रसायनं विकरांच्या तावडीत सापडून मोडतात. एक मुळी हातात आली आणि मेंदूतलं एखादं रसायन कमी करून काय होतं ते पाहण्याची सोय झाली.

ब्रॉडींकडे काही महिने काम करून स्वीडनला परतलेले आर्विद कार्लसन यांनी पुढे सशांना रेसर्पिन टोचलं. ससे निपचित पडले, कान खाली आले. मग ज्यापासून डोपामिन बनतं ते एल-डोपा त्यांना दिलं, आणि थोड्याच वेळात ते उठून हिंडू लागले. १९५७ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेला हा पेपर जेमतेम पानभराचा आहे. पार्किन्सन्सच्या रुग्णांना आजही एल-डोपा देतात, त्याची वाट इथून निघाली. कार्लसन यांना २००० साली नोबेल मिळालं.

या साखळीत जसजसं पुढे जावं तसतसा वकिलांचा संदर्भ विरळ होत जातो, कारण लेखक सहसा आपल्या लगेच आधीच्या कामाचाच दाखला देतात. वैद्यकीय संशोधनासाठीच्या १९५७ च्या लास्कर पुरस्काराच्या मानकऱ्यांत क्लाइन यांच्याबरोबर वकील होते, ही त्यातल्या त्यात समाधानाची बाब.

दुसरी बाजूही सांगायलाच हवी. वकिलांच्या १८ वर्षं आधी, १९३१ मध्ये, गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी हीच मुळी वेडावर आणि रक्तदाबावर उपयोगी असल्याचं ‘इंडियन मेडिकल वर्ल्ड’मध्ये लिहिलं होतं. दोन्ही उपयोग, एकाच पेपरात! पण परदेशातल्या फारशा कुणाच्या नजरेला ते पडलं नाही. म्हणजे पेपर कुठे छापला, याला वजन आहे. मात्र त्याच वजनाची हाव सुटली की बाजार मांडला जातो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मान्य यादीत विद्यापीठांच्या शिफारशीने आलेल्या जर्नलांचा नमुना भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये तपासला, तेव्हा ८८ टक्क्यांहून अधिक जर्नलं हलक्या दर्जाची निघाली. पैसे भरून छापलेल्या पेपरांनी कुणाची बढती झाली असेल. विषय मात्र जागचा हलला नाही.

निवड समित्यांनी यादी मोजणं थांबवावं, असं मी म्हणत नाही. पण उमेदवाराला त्याचा एकच पेपर, त्याच्याच पसंतीचा, टेबलावर ठेवायला सांगावा. तो समितीने आधी वाचून यावं. आणि मग विचारावं: हे वाचून दुसऱ्या कुणी, दुसऱ्या विषयातल्या कुणी, पुढे काय केलं?