न जुळणारा हिशेब

एखादी कंपनी परक्या देशात जाऊन कारखाना का काढते, या प्रश्नाचं उत्तर १९६० पर्यंत अर्थशास्त्रज्ञांना तोंडपाठ होतं. ज्या देशात भांडवल मुबलक तिथे व्याज कमी, जिथे चणचण तिथे जास्त; म्हणून पैसा इकडून तिकडे वाहतो आणि परदेशातला कारखाना हे त्या पैशाचंच एक रूप. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये चार्ल्स किंडलबर्गर यांच्याकडे पीएच.डी. करणाऱ्या स्टीफन हायमर या कॅनेडियन विद्यार्थ्याने हे उत्तर प्रत्यक्ष आकड्यांशी ताडून पाहिलं आणि हिशेब जुळेना. अमेरिकी कंपन्या युरोपात कारखाने काढत होत्या, त्याच काळात युरोपातल्या कंपन्या अमेरिकेत काढत होत्या. पैसा नुसता व्याजामागे धावत असेल तर एकाच वेळी दोन्ही दिशांना कसा धावेल? शिवाय बाहेर गेलेल्या कंपन्या लागणारं कर्ज पुष्कळदा त्या परक्या देशातच उभारत. म्हणजे भांडवल पोचवायला त्या गेल्याच नव्हत्या. आणि ही गुंतवणूक काही मोजक्या उद्योगांतच, पण देशोदेशी दिसत होती. व्याजदर हेच कारण असतं तर भांडवलाची टंचाई असलेल्या देशातल्या झाडून सगळ्या उद्योगांत ती पसरायला हवी होती.

हायमरचं उत्तर आज साधं वाटतं. परक्या मुलखात जाणारी कंपनी सुरुवातीपासून तोट्यात असते. तिथले कायदे, ग्राहक, अधिकारी, कामगार यांची जी जाण स्थानिक कारखानदाराला अंगवळणी पडलेली असते, ती तिला पैसे मोजून मिळवावी लागते. तरीही ती टिकते, त्या अर्थी हा तोटा भरून काढील असं काहीतरी तिच्यापाशी असलं पाहिजे: तंत्रज्ञान, नाममुद्रा, संघटन. ते दुसऱ्याला विकून मोकळं होण्यापेक्षा ती स्वतःच्या ताब्यात ठेवते. दुसरं कारण त्याने आडपडदा न ठेवता मांडलं. परदेशातला प्रतिस्पर्धी ताब्यात आला की स्पर्धेची कटकटच मिटते. बहुराष्ट्रीय कंपनी समजून घ्यायची तर पैसा कुठून येतो यापेक्षा ताबा कुणाचा राहतो ते पाहावं, असा या प्रबंधाचा रोख होता. तो १९६० मध्ये सादर झाला, पण पुस्तकरूपाने यायला १९७६ साल उजाडलं. तोवर हायमर हयात नव्हता. १९७४ मध्ये, चाळिशीही गाठण्याआधी, मोटार अपघातात तो गेला होता. त्याच्या मांडणीतल्या उणिवा पुढच्यांनी दाखवल्या. पीटर बकली आणि मार्क कॅसन यांनी बाजारातल्या व्यवहाराचा खर्च टाळण्यासाठी कंपनी सीमेपार कशी वाढते ते सांगितलं, जॉन डनिंग यांनी मालकीचे फायदे, जागेचे फायदे आणि व्यवहार बाजारात न नेता कंपनीच्या आतच ठेवण्याचे फायदे एका चौकटीत बसवले. पण ‘आंतरराष्ट्रीय व्यवसाय’ ही ज्ञानशाखा उभी राहिली ती विद्यार्थिदशेत लिहिलेल्या त्या एका प्रबंधावर.

हे सविस्तर सांगायचं कारण असं, की या विषयात डॉक्टरेट म्हणजे काय, हे त्यातून नीट कळतं. बाहेरून पाहणाऱ्याला ती एमबीएच्या वरची पायरी वाटते. तसं नाही. एमबीए झालेल्याने कंपनी चालवायची असते, पीएच.डी. करणाऱ्याने कंपनी अशी का वागते, याचं आजवर कुणी न दिलेलं किंवा चुकीचं दिलेलं उत्तर शोधायचं असतं. अमेरिकी विद्यापीठांत पहिली दोनेक वर्षं अर्थशास्त्र, समाजशास्त्र, संख्याशास्त्र यांचे अभ्यासक्रम, मग एक कठीण सर्वंकष परीक्षा आणि त्यानंतर प्रबंध, अशी साधारण रीत आहे. आपल्याकडे आयआयएममध्ये हाच अभ्यास वर्षानुवर्षं ‘फेलो’ या किताबावर संपत असे. २०१७ च्या कायद्यानंतर त्या संस्था रीतसर पीएच.डी. देऊ लागल्या. पद्धत कुठलीही असो, माझं म्हणणं एवढंच आहे की ही विद्या जेव्हा जेव्हा पुढे सरकली, तेव्हा कुणीतरी प्रचलित सिद्धांतात न बसणारी एखादी वस्तुस्थिती हट्टाने धरून ठेवली होती. आणि आज आपल्याकडचे बहुसंख्य प्रबंध नेमकं उलटं करतात: दुसरीकडे तयार झालेली मोजपट्टी आणतात आणि इथलं वास्तव तिच्यात बसवून दाखवतात.

मोजपट्टीचं उदाहरण घ्यायचं तर गीर्ट हॉफस्टेड यांचं. १९६७ ते १९७३ या काळात आयबीएमच्या देशोदेशीच्या कर्मचाऱ्यांकडून भरून घेतलेल्या लाखाहून अधिक प्रश्नावल्या त्यांना मिळाल्या. त्यांतून १९८० च्या ग्रंथात त्यांनी चाळीस देशांच्या संस्कृतींना चार निकषांवर गुण दिले. वरिष्ठ-कनिष्ठांतलं अंतर लोक किती मानतात, अनिश्चितता किती सोसतात, माणूस स्वतःपुरतं पाहतो की गोताचं, वगैरे. काम प्रचंड होतं आणि त्या काळाच्या मानाने धाडसीही. पण १९८८ मध्ये ब्रूस कोगुट आणि हरबीर सिंग यांनी या गुणांवरून दोन देशांतलं ‘सांस्कृतिक अंतर’ एका आकड्यात काढायचं सूत्र दिलं, आणि तिथून पुढे शेकडो अभ्यासांत तो आकडा मुकाट्याने बसवला जाऊ लागला. सोयीचाच होता तो. देशांची नावं घाला, अंतर तयार. ओडेड शेंकर यांनी २००१ मध्ये त्यातली गोम दाखवली. या सूत्रात अमेरिकी कंपनीने भारतात येणं आणि भारतीय कंपनीने अमेरिकेत जाणं ही अंतरं अगदी सारखी निघतात. प्रत्यक्षात ती सारखी असतील असं कोणताही निर्यातदार म्हणणार नाही. शिवाय एका देशात एकच संस्कृती नांदते हे गृहीत धरलेलं, आणि तीसुद्धा एका कंपनीच्या नोकरदारांवरून ठरवलेली. त्यातली एक ऐतिहासिक गंमतही ध्यानात घ्या. ज्या आयबीएमच्या नोकरदारांवरून भारताला गुण मिळाले, ती कंपनी विदेशी भागभांडवलाच्या मर्यादेवरून सरकारशी न जमल्याने १९७८ मध्ये इथून निघून गेली. गुण मात्र प्रबंधांतून अजून मुक्काम ठोकून आहेत.

न बसणारी वस्तुस्थिती शोधायला मराठी संशोधकाला फार लांब जावं लागत नाही. रेमंड व्हर्नन यांनी १९७१ मध्ये मांडलेला एक सिद्धांत या विषयाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला शिकावा लागतो. त्याचा आशय असा: परदेशी कंपनी येण्यापूर्वी सौद्यात तिचं पारडं जड असतं, कारण तिची गरज यजमान सरकारला असते, एकदा तिने कोट्यवधी रुपये जमिनीत गाडले की पारडं फिरतं आणि सरकार अटी आवळू लागतं. खाणी आणि तेलविहिरींच्या बाबतीत हे पुष्कळ खरं ठरलं. दाभोळला लावून पाहा. एन्रॉन या अमेरिकी कंपनीच्या तिथल्या प्रकल्पाचा वीजखरेदी करार डिसेंबर १९९३ चा. ऑगस्ट १९९५ मध्ये, प्रकल्पाचं बांधकाम अजून बाल्यावस्थेत असताना, राज्यातल्या नव्या सरकारने तो रद्द केला. अटी आवळण्याइतकं काही जमिनीत गाडलं गेलंच नव्हतं. पुढच्या काही महिन्यांत फेरवाटाघाटी झाल्या आणि आधी ऐच्छिक असलेला दुसरा टप्पाही पदरात बांधून घेऊन प्रकल्प परतला. पुढे १९९९ मध्ये ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा सुरू झाला, २००१ मध्ये वीज मंडळाने खरेदी थांबवली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात खुद्द एन्रॉनने अमेरिकेत दिवाळखोरी जाहीर केली. या सगळ्या काळात पैसे बुडाल्यास आम्ही देऊ, अशी प्रतिहमी दिली होती केंद्र सरकारने, आणि वीज घेऊन बिल भरायचं होतं राज्याच्या मंडळाने. सिद्धांतात ‘यजमान सरकार’ नावाचा एकच गडी पटावर बसलेला असतो. दाभोळच्या पटावर दोन होते, आणि दोघांच्या चाली एकमेकांशी जुळत नव्हत्या.

दाभोळ जुनं झालं, अपवाद होता, असं कुणी म्हणेल. मग तळेगाव पाहा. जनरल मोटर्सचा तिथला कारखाना २००८ चा. मे २०१७ मध्ये कंपनीने भारतातली विक्री थांबवत असल्याचं जाहीर केलं, काही काळ तळेगावातून निर्यात चालू ठेवली आणि डिसेंबर २०२० मध्ये उत्पादन बंद केलं. त्याआधी जानेवारी २०२० मध्ये चीनच्या ग्रेट वॉल मोटर्सला कारखाना विकण्याचं ठरलं होतं. एप्रिलमध्ये केंद्र सरकारने भारताच्या भूसीमेला लागून असलेल्या देशांतून येणाऱ्या गुंतवणुकीला पूर्वपरवानगी सक्तीची केली. जूनमध्ये महाराष्ट्र सरकारने याच ग्रेट वॉलशी सामंजस्य करार केला. त्याच महिन्यात गलवानमध्ये भारत आणि चीनच्या सैन्यांत चकमक झाली. परवानगी आली नाहीच. सौद्याची मुदत वाढत वाढत २०२२ मध्ये तो मोडला, आणि २०२३ मध्ये ह्युंदाईने कारखाना घेण्याचा करार केला. परकेपणाचा तोटा हे हायमरचं सूत्र इथे लावलं तर पेच पडतो. अमेरिकी, चिनी आणि कोरियन, तिन्ही कंपन्या परक्याच. एकीला ग्राहकांनी नाकारलं, दुसरीला दिल्लीने दारातच अडवलं, तिसरी रुळली. मुंबईच्या लेखी दुसरी आणि तिसरी सारख्याच स्वागतार्ह होत्या. म्हणजे परकेपणाच्या जाती आहेत, आणि एकाच देशातली दोन सरकारं त्या जाती वेगवेगळ्या ठरवतात. संघराज्यात परदेशी कंपनी नक्की कुणाशी सौदा करते, हा प्रबंधाला पुरून उरेल असा प्रश्न आहे.

यावरचा पहिला आक्षेप उघड आहे. एकदोन उदाहरणांवरून सिद्धांत उभा राहत नाही. चाळीस देश, हजारो कंपन्या, वीस वर्षांची आकडेवारी घेतली तरच निष्कर्षाला वजन येतं. आक्षेप पोकळ नाही. निवडक उदाहरणं घेऊन हवं ते सिद्ध करणाऱ्यांची आपल्याकडे कमतरता नाही, आणि कंपनीच्या जनसंपर्क खात्याने पुरवलेली कहाणी ‘केस स्टडी’ म्हणून छापणारेही आहेत. पण मोठी आकडेवारी सिद्धांत तपासायला उपयोगी पडते, तो सुचवायला क्वचितच. स्वीडनच्या उप्सला विद्यापीठातल्या संशोधकांनी कंपन्या परदेशात टप्प्याटप्प्याने, आधी ओळखीच्या आणि मग अनोळखी देशांत पाय टाकतात असं १९७० च्या दशकात दाखवलं, ते सँडविक, ॲटलास कॉप्को, फासिट आणि व्होल्वो या अवघ्या चार स्वीडिश कंपन्यांच्या वाटचालीवरून. त्यानंतर जगभर त्याची तपासणी झाली, कुठे टिकलं, कुठे पडलं. सुरुवात मात्र चार कंपन्यांची, आणि त्याही घराजवळच्या. स्थानिक प्रकरणात बाहेरच्या नियतकालिकांना रस नसतो, ही तक्रारही याच उदाहरणाने बरीच निकालात निघते. स्वीडनची लोकसंख्या महाराष्ट्राच्या दहाव्या हिश्शाइतकीही नाही.

श्रीलता झहीर यांचं १९९५ चं संशोधनही लक्षात घेण्यासारखं आहे, कारण ते आकड्यांचंच आहे. परकेपणाचा तोटा तपासायला त्यांनी परकीय चलनाच्या व्यवहाराची दालनं निवडली: न्यूयॉर्क आणि टोकियोतल्या, पाश्चात्त्य आणि जपानी बँकांची. या धंद्यात माल सगळीकडे सारखा आणि स्पर्धा जगभरची. परकेपणा इथे तरी उरू नये. तरीही तो उरला. त्यावर मात करायला स्थानिकांची नक्कल करण्यापेक्षा आपल्या मूळ बँकेची कामाची रीत सोबत नेणं अधिक फळलं. प्रश्नाला सर्वांत प्रतिकूल जागा शोधून तिथे त्याची परीक्षा घेणं हे कौशल्य आकडेशास्त्राच्या पुस्तकात मिळत नाही.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे आणि तो मला अधिक गंभीर वाटतो. विद्यार्थ्याला ठरलेल्या मुदतीत प्रबंध पुरा करायचा असतो, नोकरीसाठी छापील लेख दाखवायचे असतात. तयार प्रश्नावली, तीनशे व्यवस्थापकांची उत्तरं, संगणकावर काढलेले सहसंबंध हा मार्ग सुरक्षित; न जुळणाऱ्या हिशेबाचा पाठलाग केला आणि हाती काही लागलं नाही, तर पाच वर्षं पाण्यात. हायमरसारखे दर पिढीत किती निघणार? थोडेच. सगळ्यांनी हायमर व्हावं असं म्हणणंही भाबडेपणाचं. पण सुरक्षित मार्गाचा हिशेबही मांडायला हवा. लेख छापलाच पाहिजे या सक्तीमुळे पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचं पीक देशभर आलं, आणि विद्यापीठ अनुदान आयोगाला २०२२ च्या नियमांत पीएच.डी.साठीची ती अट काढून टाकावी लागली. म्हणजे सुटकेचं एक दार उघडलेलं आहे. त्यातून बाहेर पडायचं की जुन्याच सवयीने प्रश्नावल्या वाटत बसायचं, हे आता मार्गदर्शकांवर आहे. तेही या पद्धतीतूनच आले असल्याने बदल झटपट होईल असं वाटत नाही. खुद्द बकली यांनी २००२ मध्येच या विषयाच्या सर्वांत प्रतिष्ठित नियतकालिकात, आपल्या ज्ञानशाखेची वाफ संपत आली की काय, असा प्रश्न विचारला होता. म्हणजे हा रोग एकट्या भारताचा नाही.

कंपन्या माहिती देत नाहीत, दारातूनच परत पाठवतात, ही संशोधकांची नेहमीची अडचण खरी आहे. पण वरच्या दोन्ही प्रकरणांत कंपनीच्या दारी जाण्याची गरज फारशी नाही. दाभोळवर माधव गोडबोले समितीचा २००१ चा अहवाल आहे, न्यायालयीन निकाल आहेत, विधिमंडळातल्या चर्चांची नोंद आहे. तळेगावबाबत केंद्राची परिपत्रकं, राज्याचे करार आणि कामगार संघटनेने लढलेल्या खटल्यांची कागदपत्रं आहेत, आणि तिथे काम केलेली माणसं पुणे जिल्ह्यातच राहतात. पुण्यामुंबईच्या व्यवस्थापन विभागांनी पुढच्या तुकडीतल्या निदान एका विद्यार्थ्याला प्रश्नावली न देता या कागदांपाशी आणि या माणसांपाशी पाठवावं.