नव्या टाकीत मासे का मरतात? जुन्या फिल्टरचं ‘विरजण’ लावा, नुकसान टाळा

तालुक्याच्या बाजारातून काचेची टाकी आणायची, नळाचं पाणी भरायचं, रंगीत खडे टाकायचे आणि त्याच संध्याकाळी पिशवीतले मासे सोडायचे. पहिले दोन-तीन दिवस सगळं झकास. चौथ्या-पाचव्या दिवसापासून मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करायला लागतात आणि पंधरवड्याच्या आत टाकी रिकामी होते. मग कोणी म्हणतं दुकानदाराने आजारी मासे दिले, कोणी म्हणतं नजर लागली. पाणी तर काचेसारखं स्वच्छ दिसत असतं. पण बहुतेक वेळा दोष त्या स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यातच असतो.

घरच्या हौसेपुरतं पाहिलं तर नुकसान चार-दोन माशांचं. मात्र परसात शोभिवंत मासे वाढवून विकण्याचा जोडधंदाही आता ग्रामीण भागात केला जातो. २०२० पासून सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेतही अशा छोट्या युनिटचा समावेश आहे. अशा ठिकाणी नवी टाकी फसली की विकत आणलेली सगळी खेप हातची जाते. यावर सोपा उपाय म्हणजे आधीपासून चांगल्या चालू असलेल्या टाकीतला जुना फिल्टर.

शेतातलीच क्रिया, टाकीत

माशांच्या कल्ल्यांतून, विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून पाण्यात अमोनिया तयार होतो. तो माशांना विषारी असतो. एका प्रकारचे जिवाणू या अमोनियाचं नायट्राइट करतात. तेही विषारीच. दुसऱ्या प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, ते मासे बऱ्याच प्रमाणात सहन करतात.

शेतकऱ्याला हे नवं नाही. युरिया टाकल्यावर जमिनीत आधी अमोनिया रूपातला नत्र तयार होतो, मग त्याचं नायट्रेट होतं आणि पीक ते उचलतं. जमिनीतल्या या जिवाणूंचा उलगडा रशियन शास्त्रज्ञ सर्गेई विनोग्राद्स्की यांनी १८९० च्या सुमारास केला. तेच काम टाकीत फिल्टरचा स्पंज करतो. स्पंजचं खरं काम घाण अडवणं एवढंच नाही, तो या जिवाणूंचं घर आहे.

नव्या टाकीत हे घर रिकामं असतं आणि हे जिवाणू फार सावकाश वाढतात. दह्याचं विरजण एका रात्रीत लागतं, यांना मात्र एकदा दुप्पट व्हायलाच दिवसभराचा अवधी लागू शकतो. त्यामुळे नवी टाकी आपोआप तयार व्हायला साधारण चार ते सहा आठवडे जातात. जुन्या फिल्टरचा भाग टाकला की तयार जिवाणू मिळतात आणि हा काळ बराच कमी होतो.

बोअरच्या पाण्याला जास्त जपा

माती परीक्षणाच्या अहवालात सामू लिहिलेला असतो, तोच पाण्यालाही असतो. पाणी २५ अंश तापमानाचं आणि सामू ७ असेल तर एकूण अमोनियापैकी साधारण अर्धा टक्काच अतिविषारी रूपात असतो. सामू ८ झाला की हे प्रमाण पाच टक्क्यांच्या वर जातं, म्हणजे जवळजवळ दहापट. बऱ्याच बोअरचं पाणी जड आणि जास्त सामूचं असतं. म्हणून शेजारच्या गावात चाललेली युक्ती आपल्याकडे चालेलच असं नाही.

विरजण लावायचं कसं?

१. टाकी निवडा : किमान दोन-तीन महिने नीट चालू असलेली आणि अलीकडे आजार न आलेली टाकी निवडा. पांढरे ठिपके, बुरशी किंवा मरतुक झाली असेल तर तिथला स्पंज घेऊ नका. जिवाणूंबरोबर रोगही येतो.

२. बेताने घ्या : जुन्या टाकीतला एक तृतीयांशपेक्षा जास्त भाग काढू नका, नाहीतर नवी टाकी वाचवताना जुनी जाईल.

३. ओला ठेवा : स्पंज किंवा सिरॅमिकच्या नळ्या त्याच टाकीच्या पाण्यात बुडवून न्या. डबा उन्हात ठेवू नका. शक्यतो तासाभरात नव्या फिल्टरमध्ये बसवा. वाळलेला स्पंज उपयोगाचा राहत नाही.

४. हवा आणि खाद्य : एअर पंप लगेच सुरू करा, या जिवाणूंना प्राणवायू लागतो. अमोनिया हेच त्यांचं खाद्य असल्याने मासे नसलेली टाकी आठवडाभर नुसती चालवून फायदा नाही. पाणी आधी तयार ठेवा आणि त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी थोडे मासे सोडा.

५. कमी मासे, कमी खाद्य : दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टाकीत काठोकाठ भरलं तरी साधारण ५६ लिटर पाणी मावतं. एकूण ठेवायच्या माशांपैकी एक तृतीयांशच आधी सोडा. सुरुवात गप्पी, मॉलीसारख्या काटक माशांनी करा. गोल्डफिश घाण जास्त करतो, त्याला नंतर आणा. दोन मिनिटांत संपेल एवढंच खाद्य द्या.

नेमकं चुकतं कुठे?

सर्वात मोठी चूक म्हणजे स्पंज नळाखाली खळखळून धुणं. ग्रामपंचायतीच्या पाण्यात टीसीएल पावडर टाकलेली असते. माणसांसाठी ती गरजेचीच आहे, पण त्यातलं क्लोरीन या जिवाणूंनाही मारतं आणि माशांचे कल्लेही भाजतं. स्पंज कायम टाकीतून काढलेल्या पाण्यातच दोन-तीनदा पिळावा. टाकीत भरायचं पाणी उघड्या भांड्यात एअर पंप लावून २४ तास ठेवावं. घाई असेल तर दुकानात ‘अँटी-क्लोरीन’ म्हणून मिळणारं सोडियम थायोसल्फेट वापरावं.

दुसरा गैरसमज जुन्या पाण्याचा. जुन्या टाकीचं बादलीभर पाणी आणून ओतलं की झालं, असं बरेच जण समजतात. हे जिवाणू स्पंजला, खड्यांना, काचेला चिकटून राहतात, पाण्यात फारच थोडे असतात. त्यामुळे पाणी आणून काम होत नाही.

तिसरी गोष्ट विजेची. लाइट काही तास गेली की बंद डब्याच्या फिल्टरमधला प्राणवायू संपतो आणि जिवाणू मरायला लागतात. वीज आल्यावर तोच फिल्टर तसाच सुरू केला तर आतलं सडलेलं पाणी टाकीत येतं. आधी ते ओतून द्यावं आणि स्पंज टाकीच्या पाण्यात पिळून मग फिल्टर सुरू करावा. जिथे वीज वारंवार जाते तिथे हवेवर चालणारा उघडा स्पंज फिल्टर आणि बॅटरीचा छोटा एअर पंप बरा. काहीच नसेल तर मग्याने पाणी वरून ओतत राहावं.

पहिले पंधरा दिवस लक्ष ठेवा

विरजण लावलं म्हणजे हमी मिळाली असं नाही. अमोनिया आणि नायट्राइट तपासायचं किट मिळतं, पहिला आठवडा रोज आणि नंतर दिवसाआड तपासणी करावी. दोन्ही शून्य आले पाहिजेत. यातलं काहीही लिटरला अर्धा मिलिग्रॅमच्या आसपास दिसलं तर एक तृतीयांश पाणी बदलावं आणि त्या दिवशी खाद्य बंद ठेवावं. किट नसेल तर माशांकडे पाहावं. वर येऊन धापा टाकणं, पंख मिटून कोपऱ्यात बसणं, कल्ले तपकिरी दिसणं ही धोक्याची चिन्हं आहेत. सलग आठवडाभर दोन्ही शून्य राहिले की मगच पुढचे मासे आणावेत.

ज्यांना पुढे टाक्या वाढवायच्या आहेत त्यांनी आत्ताच चालू टाकीत एक जादा स्पंज लावून ठेवावा. चार ते सहा आठवड्यांत तो तयार होतो. नवी टाकी मांडायची झाली किंवा आजारी मासा वेगळा ठेवायची वेळ आली, की हाच स्पंज उचलून तिथे लावता येतो. दह्याचं विरजण जसं घरात थोडं राखून ठेवतात, तसंच हेही राखून ठेवावं.