पटावरचे लेकरू कोणत्या रकान्यात?

जिल्हा परिषदेच्या शाळेत गेलात, तर भिंतीवर पटाचा फलक दिसतो. वर्गवार मुले-मुली, खाली अ.जा., अ.ज., इ.मा.व., अल्पसंख्याक असे रकाने. आपण पाहतो आणि पुढे जातो. आकडेमोड हे साहेबांचे काम, असा आपला समज.

बाबासाहेबांचा तसा समज नव्हता. १२ मार्च १९२७ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात शिक्षणखर्चावर बोलताना त्यांनी लोकसंख्या आणि शाळेतील मुले हे आकडे शेजारी-शेजारी ठेवले. मागासलेले वर्ग लोकसंख्येत दुसरे, शिक्षणात शेवटचे, हे सरकारला ऐकावे लागले. पालक बंधू-भगिनींनो, तीच रीत आपल्या गावच्या शाळेला लावू या.

पहिली गोष्ट, लहान शाळेत टक्क्यांना भुलू नका. समजा पट २० चा आहे. दोन मुले आईबापांबरोबर वीटभट्टीवर गेली, की पट १० टक्क्यांनी घटला. म्हणून टक्के विचारू नका, गेलेल्या मुलांची नावे विचारा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीच्या शाळेला ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक सांगितले आहेत. पण २०२३ साली राज्याच्या शिक्षण खात्याने २० पेक्षा कमी पटाच्या शाळांच्या समूह शाळा करण्याचे प्रस्ताव मागवले होते. लहान शाळेला एकेक नाव किती मोलाचे, ते यावरून कळते.

दुसरी गोष्ट, रकाने नीट वाचा. शाळेची माहिती दरवर्षी 'यू-डायस'मध्ये भरतात. तेथे बौद्ध मुलाची नोंद दोन ठिकाणी होते : प्रवर्ग अनुसूचित जाती, आणि अल्पसंख्याकांत बौद्ध. १९९० च्या कायद्याने बौद्धांनाही अनुसूचित जातीचा दर्जा आहे. म्हणून अ.जा. ७ आणि बौद्ध ६ यांची बेरीज १३ करू नका. बहुतेक मुले तीच आहेत. मग सातवे लेकरू कोणाचे? मातंग किंवा चर्मकार घरचे असेल. नाहीतर बौद्ध घरचेच असून धर्म हिंदू लिहिला गेला असेल. उलट बौद्ध ६ आणि अ.जा. ५ असतील, तर एखाद्याचा प्रवर्ग राहून गेला काय, ते पाहा. त्याची शिष्यवृत्ती अडू शकते.

या नोंदीचे मूळ दाखल-खारीज रजिस्टर. पुढे जातीच्या दाखल्यालाही हीच नोंद मागतात. मूल शाळेत आहे तोवर दुरुस्ती सोपी. टीसी हातात पडल्यावर हेलपाटे वाढतात.

तिसरी गोष्ट, गावाशी ताडून पाहा. २०११ च्या जनगणनेत बुलडाणा जिल्ह्याची लोकसंख्या २५,८६,२५८; त्यात शंभरात सुमारे १८ अनुसूचित जातीचे. आपल्या गावाचा आकडा वेगळा असेल, तो ग्रामपंचायतीत विचारा. पटावर आपली मुले गावाच्या मानाने कमी असतील, तर ती कुठे आहेत? शहरातील इंग्रजी शाळेत, की कामावर? फार जास्त असतील, तर बाकीचे शाळा सोडून गेले काय? मग उद्या ही शाळा बंद झाली, तर नुकसान आपलेच.

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असाव्यात, असा कायदा आहे. पुढच्या सभेला जा. फलक पाहा, रजिस्टर मागा आणि आपल्या लेकराची ओळ स्वतः वाचून घ्या. वाचता येत नसेल, तर त्याच लेकराकडून वाचून घ्या.